नोटिफिकेशन लाइट आणि ऑलवेज-ऑन डिस्प्ले

नोटिफिकेशन लाइट आणि ऑलवेज-ऑन डिस्प्ले : फोन हातात न घेता आपल्यासाठी काही येऊन पडले आहे का, हे कळण्याच्या दोन पद्धती. पहिलीत फोनच्या दर्शनी भागावर, बहुधा कानाच्या जाळीशेजारी, मोहरीएवढा दिवा असतो आणि निरोप आला की तो लुकलुकत राहतो. दुसरीत मुख्य पडद्याचाच थोडा भाग मंद जागा राहून वेळ, तारीख, बॅटरी आणि आलेल्या निरोपांची चिन्हे दाखवतो. दिव्याला एवढेच सांगता येते की काहीतरी आले आहे. पडदा काय आले आणि कोणत्या ॲपवर आले हेही सांगतो, पण ते वाचायला फोनपाशी जावे लागते. दिवा माजघरातून ओसरीवरचा दिसतो. दोहोंतला खरा फरक या अंतराचा आहे, आणि फोन विकत घेताना होणाऱ्या तुलनेत नेमका तोच राहून जातो.

दिव्याची रचना : त्या बारीक छिद्रामागे बहुतेक फोनांत लाल, हिरवा आणि निळा असे तीन एलईडी एकाच आवरणात बसवलेले असतात. तिघांचे प्रमाण कमीजास्त केले की पिवळा, जांभळा, आकाशी, पांढरा असे रंग मिळतात. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी १९६२ साली तयार झाला. प्रखर निळ्याला मात्र १९९० चे दशक उजाडावे लागले. त्या कामासाठी इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळा सापडला नसता तर फोनच्या दिव्याला लाल, हिरवा आणि त्यांच्या मिश्रणातला पिवळा यापलीकडे रंग नसते. स्वस्त फोनांत एकाच रंगाचा, बहुधा पांढरा, दिवा असे.

या दिव्याला वीज लागते ती काही मिलिअँपिअर, आणि तीही सलग नाही. क्षणभर पेटणे आणि दोन-तीन सेकंद विझणे अशी उघडझाप असल्याने रात्रभर लुकलुकूनही बॅटरीवर खूण उमटत नाही. अँड्रॉइडमध्ये दिव्याचा रंग कोणता, किती मिलिसेकंद पेटवायचा आणि किती विझवायचा, हे सुरुवातीपासून ॲप बनवणाऱ्याला ठरवता येत असे. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून ॲपमधल्या प्रत्येक प्रकारच्या सूचनेला वेगळा रंग देण्याची सोय झाली. वापरणाऱ्यांनी यातून स्वतःची भाषा बनवली. व्हॉट्सॲपला हिरवा, चुकलेल्या कॉलला निळा, बँकेच्या मेसेजला लाल. ही भाषा घराघरात वेगळी होती आणि घरातल्या माणसांनाच कळत होती. माझ्या मते या दिव्याचे सगळ्यात मोठे बळ तेच होते. टेबलावर पडलेल्या फोनकडे शेजारच्याची नजर गेली तरी त्याला काहीच कळत नसे.

इतिहास : या दिव्याला घरोघरी ओळख दिली ब्लॅकबेरीने. तिचा लाल दिवा लुकलुकला की मेल आलेली आहे, हे कचेऱ्यांतल्या माणसांच्या अंगवळणी पडले होते. जानेवारी २०१० मध्ये आलेल्या गूगलच्या नेक्सस वनमध्ये वेगळे छिद्र नव्हते; पडद्याखालची बोटाने फिरवायची गोळीच (ट्रॅकबॉल) रंगीत उजळत असे. सॅमसंगच्या २०१२ च्या गॅलक्सी एस ३ मध्ये चार्जिंगला लाल, भरल्यावर हिरवा आणि निरोपाला निळा असा क्रम होता. पुढे दहा-बारा हजारांच्या फोनांतही दिवा आला. ॲपलने आयफोनला असा दिवा कधी दिला नाही. २०११ च्या आयओएस ५ पासून कॅमेऱ्याचा फ्लॅश लखलखवण्याची सोय तेवढी केली, आणि तीही श्रवणदोष असलेल्यांसाठीच्या सेटिंगमध्ये.

दिवा गेला तो नकोसा झाला म्हणून नव्हे. पडद्याभोवतीची काळी पट्टी बारीक होत गेली, तशी त्याची जागा संपली. कानाची जाळी, पुढचा कॅमेरा, प्रकाश मोजणारा सेन्सर आणि फोन कानाला लागल्याचे ओळखणारा सेन्सर, या सगळ्यांना उरलेल्या दोन-तीन मिलिमीटरांत दाटीवाटीने बसायचे होते, आणि त्यांत सर्वांत कमी भांडणारा हाच होता. वनप्लस ६ मध्ये तो होता, त्याच वर्षी, २०१८ मध्ये, आलेल्या ६टी मध्ये नाही. सॅमसंगच्या एस मालिकेत २०१९ च्या एस १० ला तो उरला नाही. २०१६ च्या गॅलक्सी एस ७ मध्ये मात्र दिवा आणि सदा जागा पडदा दोन्ही एकत्र नांदत होते, हे इथे मुद्दाम नोंदवले पाहिजे. एकाने दुसऱ्याची जागा घेणे अपरिहार्य नव्हते.

जागा पडदा : झोपलेल्या फोनवर घड्याळ दाखवण्याची कल्पना नोकियाची. २००८ च्या ६३०३ या साध्या फोनमध्ये ती होती, आणि पुढे एन८६ सारख्या ॲमोलेड (ओलेडचीच एक जात) पडद्याच्या फोनांत ती नीट रुळली. मोटोरोलाच्या २०१३ च्या मोटो एक्समध्ये पडदा सतत जागा नसे. अधूनमधून श्वास घेतल्यासारखा उजळे आणि मावळे. ‘ऑलवेज-ऑन’ हे नाव लोकांच्या तोंडी आले २०१६ मध्ये, गॅलक्सी एस ७ आणि एलजी जी५ मुळे.

ही सगळी करामत ओलेड पडद्यावर उभी आहे. ओलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतःच्या प्रकाशाने उजळतो आणि काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका. त्यामुळे काळ्या पाटीवर पांढरे आकडे दाखवायला फक्त आकड्यांपुरतीच वीज जाते. एलसीडीत मागचा दिवा पडदाभर लावावा लागतो. एलजी जी५ चा पडदा एलसीडीच होता. तिथे मागच्या दिव्याचा थोडाच भाग पेटवण्याची युक्ती करावी लागली. घड्याळ दिसत असताना फोनचा मुख्य प्रोसेसर झोपलेलाच असतो. चित्र पडद्याच्या चालक चिपपाशी ठेवलेले असते. एलटीपीओ जातीच्या नव्या पडद्यांत चित्र सेकंदाला एकदाच ताजे केले तरी चालते. २०२२ च्या आयफोन १४ प्रोमध्ये ॲपलने हाच मार्ग धरला. फोन खिशात गेला किंवा पालथा ठेवला की बहुतेक फोनांत पडदा पुरता विझतो. एकाच जागी आकडे राहिले तर ओलेडवर त्यांचा कायमचा ठसा उमटण्याची भीती असते, म्हणून घड्याळ थोड्या थोड्या वेळाने काही ठिपके इकडेतिकडे सरकते. लक्ष देऊन पाहिले तर ते सरकलेले कळते.

खर्च साधारण तासाला एक टक्क्याच्या आतबाहेर धरला जातो. रात्री आठ तास फोन उशाशी असेल तर सकाळी सात-आठ टक्के गेलेले असतात. दिव्याच्या तुलनेत हा मोठाच फरक आहे, म्हणून पुष्कळ फोनांत आता स्पर्श केल्यावर दहा सेकंद दिसेल अशी तडजोड असते. मग ‘ऑलवेज’ या शब्दाला अर्थ काय उरला, हा प्रश्न रास्त आहे.

इंदुरातला वापर : इंदुरात दोन्ही पद्धतींचे गुण रोजच्या व्यवहारात शेजारीशेजारी दिसतात. सराफ्यात सोन्याची दुकाने मिटली की त्यांच्याच ओट्यांपुढे खाण्याच्या गाड्या लागतात. हिवाळ्यात गराडू हा कंद तळणाऱ्याचे दोन्ही हात तेलात आणि जिरावण मसाल्यात माखलेले असतात. त्याचा फोन डब्याला टेकून उभा असतो. किती वाजले आणि कुणाचा मेसेज आला हे त्याला हात न लावता दिसायला हवे, आणि फोन हाताच्या अंतरावरच आहे. इथे जागा पडदा चोख काम करतो. लुकलुकता दिवा तिथल्या झगझगाटात दिसलाही नसता.

जेल रोडच्या मोबाइल बाजारात याच गोष्टीची दुसरी बाजू कळते. दुरुस्तीवाले पडदा आणि टच यांच्या जोडीला ‘फोल्डर’ म्हणतात. ओलेडचा मूळ फोल्डर महाग पडतो म्हणून गिऱ्हाइकाने स्वस्त एलसीडी कॉपी बसवून घेतली, तर ऑलवेज-ऑन चालू केल्यावर काळ्याऐवजी पूर्ण पडदा राखाडी उजळतो आणि बॅटरी भराभर उतरते. पडद्याखालचा बोटांच्या ठशांचा सेन्सरही बहुधा बंद पडतो. जुन्या दिव्याच्या फोनांचे दुखणे साधे असे. काठाला काळी पट्टी असलेली टेम्पर ग्लास लावली की छिद्र झाकले जाई आणि लोक दिवा बिघडला म्हणून फोन घेऊन येत. ग्लास काढली की तो लुकलुकताना दिसे.

रामबाग, लोकमान्य नगर या भागांतल्या जुन्या मराठी घरांत फोनची जागा ठरलेली असते. बहुधा चार्जिंगच्या सॉकेटजवळची फळी. माझ्या आत्याच्या घरी ती देवघराच्या भिंतीला लागून आहे. आत्याला ऐकू कमी येते. तिची मुलगी पुण्याला असते. स्वयंपाकघराच्या दारातून वळून पाहिले की हिरवी बत्ती दिसे, आणि मग आत्या हात पुसत बाहेर येई. पाच वर्षे हे असेच चालले. नवा फोन आला, त्यात बत्ती नाही. जागा पडदा होता, पण सात-आठ फुटांवरून तो तिला नुसता पांढुरका डाग दिसे. “आधी चष्मा शोधू, मग फोन बघू, मग कळणार की काही आलंच नाहीये,” असे ती एकदा वैतागून म्हणाली. त्यात चूक काही नव्हते. कानाचे काम डोळ्यांकडे आलेल्या माणसाला लांबून दिसणारी खूण लागते, बारीक अक्षर नव्हे.

पर्याय : अँड्रॉइड १४ (२०२३) मध्ये सूचनेला कॅमेऱ्याचा फ्लॅश किंवा पूर्ण पडदा लखलखवण्याची सोय आली. ती लांबून दिसते, पण निरोप आल्या क्षणी दोनदा लखलखून थांबते. त्या वेळी पाठ असली तर कळत नाही. आत्या तर त्या लखलखाटाने दचकलीच. पडद्याच्या कडेने फिरणारी प्रकाशाची रेघ काही फोनांत असते, तिचेही आयुष्य काही सेकंदांचे. नथिंग कंपनीने २०२२ च्या फोन (१) मध्ये पाठीवर दिव्यांच्या पट्ट्या दिल्या. त्यासाठी फोन पालथा ठेवावा लागतो. कॅमेऱ्याच्या छिद्राभोवती रंगीत कडे लुकलुकवणारी ॲपही आहेत. ओलेडवर ती जुन्या दिव्याच्या सर्वांत जवळ जातात, कारण निरोप पाहिला जाईपर्यंत ती लुकलुकत राहू शकतात. कंपन्यांनी हीच सोय ॲपशिवाय, मूळ सेटिंगमध्येच द्यायला हवी. पडदा आहे, रंग आहेत; नवा भाग एकही लागत नाही.

एप्रिल २०२३ पासून व्हॉट्सॲपचे एकच खाते दुसऱ्या फोनलाही जोडता येते. आत्याचा जुना फोन आता सिमशिवाय, घरच्या वाय-फायवर, नव्याला जोडून त्याच फळीवर ठेवलेला आहे. वाचायला ती नवा घेते. जुना फक्त लुकलुकायला आहे.