गो-कार्ट इंजिनातील प्रोपेन इंधन

गो-कार्ट म्हणजे ट्रॅकवर चालवायची छोटी, उघडी चारचाकी. तिच्या लहान पेट्रोल इंजिनाला पेट्रोलऐवजी प्रोपेन, किंवा प्रोपेन-ब्युटेनचे मिश्रण म्हणजे एलपीजी, पुरवून ते चालवण्याची पद्धत. छताखालच्या ट्रॅकवर धूर आणि कार्बन मोनॉक्साइड कमी व्हावा म्हणून युरोप-अमेरिकेत ती वापरात आली. गोदामांतल्या फोर्कलिफ्ट याच कारणासाठी या वायूवर चालवल्या जातात. ठाणे-नवी मुंबई परिसरात भाड्याने फिरवायला मिळणाऱ्या कार्ट मुख्यतः पेट्रोलवर किंवा बॅटरीवर धावतात. प्रोपेनचा विषय इथे निघतो तो बहुधा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी स्वतः कार्ट बांधायला घेतली की.

१९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्सने पहिली गो-कार्ट बनवली, तेव्हा तिला गवत कापण्याच्या यंत्राचे टू-स्ट्रोक इंजिन होते. प्रोपेनसाठी टू-स्ट्रोक गैरसोयीचे ठरते. त्यात वंगणाचे तेल पेट्रोलमध्ये मिसळूनच आत जाते आणि वायू काही ते तेल वाहून नेत नाही. वेगळा तेलपंप बसवावा लागतो. आजच्या भाड्याच्या कार्टमध्ये साधारण १६० ते २७० सीसीचे, हवेने थंड होणारे, एका सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन असते. होंडाचे १९६ सीसीचे जीएक्स २०० हे त्यातले नेहमीचे उदाहरण. पुढचे विवेचन अशाच इंजिनांना लागू आहे.

प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसला उकळतो, म्हणून गॅसच्या सिलिंडरबाहेर तो वायूरूपातच राहतो. त्याचा ऑक्टेन अंक, म्हणजे दाबाखाली वेळेआधी पेट न घेण्याची क्षमता, ११० च्या आसपास, म्हणजे पंपावरच्या पेट्रोलपेक्षा बराच वर आहे. किलोमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा थोडी जास्त, सुमारे ४६ मेगाज्यूल. पण द्रव प्रोपेन हलका असल्यामुळे लिटरमागे ती जेमतेम २५ मेगाज्यूल भरते, पेट्रोलची ३२ च्या घरात जाते. जीएक्स २०० पूर्ण भारावर तासाला १.७ लिटरच्या आसपास पेट्रोल पिते. त्या हिशेबाने प्रोपेन सव्वा किलोच्या आत लागावा.

एवढे गुण असूनही नुसता इंधनबदल केला तर कार्टचा पिकअप कमी होतो. पेट्रोल थेंबांच्या रूपात आत येते आणि वाफ होताना हवेला गार करते. प्रोपेन मात्र आधीच वायू असतो. योग्य मिश्रणात तो जवळपास ४ टक्के जागा अडवतो आणि तेवढी हवा बाहेर राहते. शक्तीत ५ ते १० टक्के घट येते ती यामुळे. ऑक्टेनचा फायदा हवा असेल तर इंजिनाचे हेड घासून किंवा पिस्टन बदलून कॉम्प्रेशन, म्हणजे आतले मिश्रण दाबले जाण्याचे प्रमाण, वाढवावे लागते. कारखान्यातून येणारे ८.५ चे गुणोत्तर १० पर्यंत नेले तरी प्रोपेनवर नॉकिंगची, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून इंजिन ठोके देण्याची, भीती कमी. मग मात्र ते इंजिन पुन्हा साध्या पेट्रोलवर सुखाने चालत नाही. दोन्ही इंधनांची सोय ठेवून वर जादा शक्तीही मागणाऱ्याच्या हाती बहुतेक वेळा दोन्हींतले काहीच लागत नाही.

जोडणीतला सगळ्यात नाजूक भाग रेग्युलेटर. स्वयंपाकघरातला रेग्युलेटर सुमारे ३० मिलिबार दाबाने वायू सोडतच राहतो. शेगडीला तेच हवे असते, इंजिनाला नाही. कार्ट गोल फिरून बंद पडली तरी वायू वाहत राहणार आणि गरम सायलेन्सरच्या बाजूला साठणार. म्हणून दोन टप्पे लागतात. पहिला रेग्युलेटर सिलिंडरचा दाब खाली आणतो. दुसरा शून्यदाबाचा असतो आणि इंजिनाने ओढ घेतली तरच उघडतो. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटच्या जागी मिक्सर येतो, त्याच्या अरुंद गळ्यातून जाणारी हवा वायू ओढून घेते. यांच्या जोडीला इंजिन थांबताच वाट बंद करणारा व्हॉल्व्ह हवाच.

मोटारीच्या गॅसकिटमध्ये द्रव वायूची वाफ करायला रेडिएटरचे गरम पाणी फिरवतात. कार्टच्या इंजिनात पाणीच नसते, म्हणून सिलिंडर उभा ठेवून वरची वाफ थेट ओढतात. वाफ निघत गेली की सिलिंडर गार पडतो आणि दाब उतरतो. थंड देशांत ही मोठी अडचण. ब्युटेन शून्याच्या जरासा खालीच उकळतो, त्यामुळे तिकडे हिवाळ्यात शुद्ध प्रोपेनच लागतो. ठाण्यात पारा दहाच्या खाली क्वचितच उतरतो. इथे ब्युटेन जास्त असलेला एलपीजीही वाफ द्यायला कुरकुरत नाही. शुद्ध प्रोपेनची खरी गरज उरते ती ऑक्टेनपुरती, कारण ब्युटेनचा ऑक्टेन अंक बराच खाली आहे. पावसाळ्याच्या दमट हवेत चालत्या सिलिंडरला बाहेरून घाम फुटतो, त्यात काही बिघाड नाही. खरा बिघाड वळणावर होतो. कार्ट जोरात वळली की आतला द्रव एका बाजूला चढतो आणि वाफेच्या नळीत शिरतो. मिश्रण एकदम रिच, म्हणजे इंधन जास्त आणि हवा कमी असे, होऊन इंजिन गुदमरते. त्यामुळे सिलिंडर ८० टक्क्यांपेक्षा जास्त न भरण्याची मर्यादा पाळणे कार्टमध्ये दुप्पट महत्त्वाचे.

देखभालीत प्रोपेन सरस. इंजिन ऑइल काळे पडायला वेळ लागतो, प्लगवर काजळी धरत नाही, आणि पावसाळाभर ट्रॅक बंद राहिला तरी कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये चिकटा साचण्याचा प्रश्न येत नाही. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल ओलावा धरते, त्यामुळे कोकणपट्टीत हा फायदा लहान नाही. उलट बाजूला, वायू कोरडा असल्यामुळे व्हॉल्व्हची बैठक लवकर झिजते. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांतली फट, वारंवार तपासावी लागते.

धुराबाबत गैरसमज फार. मिश्रण नीट बसवले तर कार्बन मोनॉक्साइड खूप कमी होतो आणि समान ऊर्जेमागे कार्बन डायऑक्साइडही दहा टक्क्यांहून अधिक घटतो. पण रिच चालणारे प्रोपेन इंजिनही बंद शेडमध्ये माणसाला चक्कर आणण्याइतका मोनॉक्साइड सोडू शकते. त्यातून प्रोपेन हवेच्या दीडपट जड. सीएनजी गळला तर वर निघून जातो, प्रोपेन खाली बसतो आणि गटार, खड्डा, तळघर शोधतो. हवेत तो २ ते ९.५ टक्के असला की ठिणगी पुरते. म्हणजे मॉलच्या तळघरातल्या ट्रॅकला धुराच्या दृष्टीने प्रोपेन बरा आणि गळतीच्या दृष्टीने तीच जागा सर्वांत वाईट. पत्र्याच्या शेडला वर झरोके असून भागत नाही, जमिनीलगत वारा खेळायला हवा. गळती वासावरून कळावी म्हणून वायूत मर्कॅप्टन घातलेले असते; सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहणे हा गॅरेजचा रोजचा उपाय.

वायूच्या पुरवठ्याला हा भाग खरे तर जवळचा. समुद्रातल्या मुंबई हाय तेलक्षेत्राचा वायू उरणला येतो, तिथल्या ओएनजीसीच्या प्रकल्पात त्यातून एलपीजी वेगळा काढला जातो. तरीही रस्त्यावर सत्ता सीएनजीची. महानगर गॅसच्या पंपांमुळे रिक्षा-टॅक्सी त्यावर गेल्या आणि मेकॅनिकांचा हातही त्याच किटवर बसला. सीएनजीचे २०० बारचे जाड सिलिंडर छोट्या कार्टला पेलत नाही, एवढ्यापुरता एलपीजी उजवा.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. १४.२ किलोचा लाल सिलिंडर घरगुती वापरासाठी सवलतीच्या व्यवस्थेतून मिळतो; तो इंजिनाला जोडणे २००० सालच्या एलपीजी पुरवठा-वितरण आदेशानुसार गुन्हा आहे. व्यावसायिक सिलिंडर रीतसर घेता येतो आणि एकूण १०० किलोपर्यंतच्या साठ्याला गॅस सिलिंडर नियमांनुसार परवाना लागत नाही. कार्ट रस्त्यावर येत नसल्याने तिला एमएच ०४ किंवा एमएच ४३ ची पाटी नसते आणि गॅसकिटची आरटीओत नोंदही होत नाही. त्यामुळे जोडणी तपासण्याची जबाबदारी पूर्णपणे ट्रॅकचालकाकडे येते. बॅटरीवरच्या कार्टमध्ये धूर आणि गळती हे दोन्ही प्रश्न नसतात, म्हणून छताखालचे नवे ट्रॅक त्यांच्याकडे वळत आहेत; प्रोपेनला वाव उरतो तो उघड्यावरच्या, चार्जिंगसाठी थांबणे परवडत नाही अशा ट्रॅकवर.