आपले काम आमच्या डिझायनरच्या टेबलावर असते तेव्हा
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

आपण वेबसाइट, बोधचिन्ह, सोशल मीडियावरील पोस्ट किंवा पॅकेटचे काम आमच्याकडे सोपवता, त्यानंतरच्या दिवसांत त्याचे नेमके काय चालले आहे हे आपल्याला बाहेरून दिसत नाही. "दोन ओळींची तर जाहिरात आहे, संध्याकाळपर्यंत होईल ना?" असे ग्राहक विचारतात आणि त्यात गैर काहीच नाही, कारण पूर्ण झालेल्या डिझाइनवर त्यामागचे तास उमटलेले नसतात. पुण्यातील आमच्या या छोट्या डिजिटल एजन्सीत दोन डिझायनर आहेत. त्यांचा दिवस कसा जातो हे आपल्याला ठाऊक असले, तर आपले काम अधिक चांगले होते आणि लवकरही होते, असा आमचा अनुभव आहे. म्हणून हे पत्रक.

सकाळी १० ते दुपारी १ या वेळेत आम्ही डिझायनरकडे फोन देत नाही. या तीन तासांत नवीन मांडणी घडते. मजकूर वाचायचा, त्यातील कोणती गोष्ट वाचकाच्या नजरेत आधी भरायला हवी हे ठरवायचे, मग कागदावर पेन्सिलने चार-पाच कच्ची रेखाटने करायची आणि त्यांतील दोन स्क्रीनवर घ्यायची, असा हा क्रम असतो. मध्येच एखाद्या जुन्या पोस्टवरचा दूरध्वनी क्रमांक बदलण्यासाठी फाइल उघडावी लागली, तर ती दुरुस्ती पाच मिनिटांत होते खरी, परंतु मनात जुळत आलेली मांडणी विस्कटते आणि ती पुन्हा जुळायला बराच वेळ जातो. अशा किरकोळ दुरुस्त्या आम्ही दुपारी ४ नंतर एकत्र करतो. दुकानाची वेळ किंवा वस्तूची किंमत चुकली असेल, तर मात्र कोणत्याही वेळी कळवावे. ती चूक आम्ही तत्काळ दुरुस्त करतो.

एका जाहिरातीचे काम एकाच चित्रावर संपत नाही. इन्स्टाग्रामसाठी १०८० बाय १०८० पिक्सेलचा चौकोन, स्टोरीसाठी १०८० बाय १९२० पिक्सेलची उभी चौकट, वेबसाइटसाठी आडवी पट्टी आणि चौकात लावायचा १० बाय ८ फुटांचा फ्लेक्स, या प्रत्येकासाठी तोच मजकूर नव्याने बसवावा लागतो. चौकोनात शोभणारे शीर्षक उभ्या चौकटीत दोन ठिकाणी तुटते. फ्लेक्स तर दुचाकीवरून जाणारा माणूस क्षणभरच पाहतो, त्यामुळे त्यावरचा निम्मा मजकूर काढावाच लागतो. काय काढायचे यावर आपल्याशी बोलल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही.

मराठी अक्षरांना लागणारा वेळ

आमच्या कामातील सर्वांत नाजूक भाग मराठी मजकुराचा आहे आणि त्यावर आम्ही हट्टाने वेळ देतो. रोमन अक्षरे एकमेकांपासून सुटी उभी असतात, तर देवनागरी अक्षरे शिरोरेखेने जोडलेली असतात. इंग्रजी शीर्षकात अक्षरांमधले अंतर वाढवले की ते भारदस्त दिसते, पण मराठीत तसे केले तर शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला किंवा रफाराला टेकू नये म्हणून दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडावी लागते. इंग्रजी मजकूर काढून त्याच जागेत मराठी टाकला की झाले, असे सहसा होत नाही, ते यामुळेच.

याहून बारीक गोष्टही आहे. काही वर्षांपूर्वी एका कृषी पर्यटन केंद्राच्या वेबसाइटवर आम्ही 'सह्याद्रीच्या दऱ्यांत' असे शीर्षक लावले होते. वापरलेल्या फाँटमध्ये अर्ध्या 'र'चे आडवे रूप नीट नव्हते, म्हणून ते टंकताना साध्या रफारावर भागवले गेले आणि स्क्रीनवर 'सह्याद्रीच्या दर्यांत' असे उमटले. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झाला. ही चूक आमची होती आणि ती आमच्याऐवजी ग्राहकाच्या वडिलांच्या लक्षात आली, याची खंत आजही आहे. तेव्हापासून प्रत्येक नवा फाँट घेताना 'दऱ्या', 'तऱ्हा', 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' हे शब्द टंकून पाहिल्याशिवाय तो कामाला लावायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे. त्याच वेळी पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' ही मराठी वळणे त्यात आहेत का, हेही पाहिले जाते. अनेक फाँटमध्ये ही दोन्ही रूपे असतात, परंतु वेबपानाची भाषा मराठी आहे अशी नोंद कोडमध्ये नसेल, तर हिंदी वळणाची अक्षरे दिसतात. ती नोंद करणे हा आमच्या कामाचाच भाग आहे आणि त्याचे वेगळे शुल्क नाही.

आज चांगले देवनागरी फाँट सहज मिळतात, हे मोठेच भाग्य म्हणायला हवे. विंडोजमधला 'मंगल' र. कृ. जोशी यांनी घडवला. मुंबईच्या 'एक टाइप' या समूहाचे 'मुक्ता' आणि 'बलू' खुल्या परवान्याखाली उपलब्ध असल्याने पॅकेट, वेबसाइट आणि फ्लेक्स या सर्वांवर ते विनाशुल्क वापरता येतात. सशुल्क फाँट सुचवल्यास त्याच्या परवान्याचा खर्च आम्ही अंदाजपत्रकात आधीच वेगळा दाखवतो.

मजकूर कृपया युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर मराठी टंकतो त्या पद्धतीने टंकून ईमेलने पाठवावा. श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टंकनाच्या जुन्या सॉफ्टवेअरमधील फाइल असेल, तर तिचे रूपांतर आम्ही करतो, मात्र रूपांतरात जोडाक्षरे आणि रफार इकडेतिकडे होण्याचा संभव असल्याने त्यानंतर पूर्ण मुद्रितशोधन करावे लागते आणि त्यासाठी एक दिवस जास्त धरावा. छायाचित्रे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची असल्यास ती 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावीत, कारण साधा फोटो म्हणून पाठवलेले चित्र आकुंचित होऊन येते आणि छपाईत फुटते.

रंगांविषयी थोडे. आपला आवडता रंग आम्ही नाकारत नाही, परंतु पांढऱ्यावर पिवळी अक्षरे उन्हात मोबाइलवर वाचता येत नाहीत. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ : १ इतके अंतर असावे, हा वेबसाइटच्या सुगमतेचा आंतरराष्ट्रीय निकष आम्ही पाळतो. एका मसाले उद्योगाच्या मालकीणबाईंना हळदीचा पिवळाच हवा होता. आम्ही तो पार्श्वभूमीला घेतला आणि त्यावर गडद तपकिरी अक्षरे दिली. मोबाइलवरचा झळझळीत हिरवा किंवा केशरी छपाईच्या चार शाईंत तितका तेजस्वी येत नाही, म्हणून पॅकेटच्या कामात कागदावरचा नमुना पाहूनच मंजुरी द्यावी.

प्रतिक्रिया कशी कळवावी

"जरा उठाव येऊ द्या" हे वाक्य डिझायनरला दिवसातून एकदा तरी ऐकावे लागते. उठाव म्हणजे अक्षर मोठे, रंग गडद की छायाचित्र वेगळे, हे त्यातून कळत नाही. काय खटकते एवढेच आपण सांगावे, उदाहरणार्थ "किंमत शोधावी लागते" किंवा "हे दवाखान्यापेक्षा हॉटेलचे वाटते". उपाय शोधणे आमचे काम आहे. एका पतसंस्थेच्या कामात तीन संचालकांचे तीन वेगवेगळे निरोप आले. दोघांना बोधचिन्ह मोठे हवे होते, तिसऱ्यांना लहान, आणि त्यात डिझायनरचे चार दिवस गेले. आपल्याकडील सर्वांची मते एका व्यक्तीने एकत्र करून लेखी कळवावीत. ठरलेल्या शुल्कात दुरुस्तीच्या दोन फेऱ्या धरलेल्या असतात, त्यापुढील फेरीचे शुल्क काम सुरू करण्यापूर्वीच सांगितले जाते.

हक्कांबाबत आम्ही करारात स्पष्ट लिहून देतो. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखीच असावे लागते आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे, तर क्षेत्र लिहिलेले नसेल तर ते भारतापुरते धरले जाते. बोधचिन्हासारखी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या वापरायची असते. म्हणून शेवटचे देयक चुकते झाल्यावर तिचे सर्व हक्क पूर्ण मुदतीसाठी आणि सर्व देशांसाठी आपल्याकडे येतात, असे कलम आमच्या प्रत्येक करारात असते, आणि त्याच दिवशी मूळ फाइलही आपल्या हाती दिली जाते. ती आपण जपून ठेवावी.

गणेशोत्सव ते दिवाळी हा आमच्याकडे सर्वाधिक गर्दीचा काळ असतो. या काळातील कामांचा पूर्ण मजकूर सणाच्या किमान १२ कामकाजाचे दिवस आधी मिळावा. रविवारी आमचे डिझायनर काम करत नाहीत आणि त्यांना त्या दिवशी फोन करू नये, ही विनंती. चालू मोहिमेत काही अडचण आली, तर आपले काम पाहणाऱ्या आमच्या समन्वयकाचा क्रमांक करारावर दिलेला आहे. तो रविवारीही चालू असतो.