खुराक आणि कीर्द: खाण्याच्या हिशेबाची पार्श्वभूमी

कोल्हापुरात गंगावेशीच्या तालमीत काय किंवा मोतीबाग तालमीत काय, नवा पोरगा दाखल झाला की वस्ताद त्याला दोन गोष्टी ठरवून देतात: मेहनत आणि खुराक. जोर किती, बैठका किती. आणि त्यांच्या जोडीला दूध किती, तूप किती, थंडाईला बदाम किती. मेहनत वाढली की खुराकही वाढतो. हे सगळं तोंडी चालतं, पण हिशेब पक्का असतो. हल्ली आहारतज्ज्ञ पहिल्याच भेटीत "आठवडाभर खाल्लेलं सगळं लिहून आणा" असं सांगतात, तेव्हा मला हा खुराक आठवतो. खाणं मोजायची सवय कोल्हापुरात जुनीच आहे, मोजायचं कारण तेवढं बदललं. वस्ताद बघत होते ते पोराला पुरतंय का. आपण आता बघतो ते जास्त होतंय का. जगभर या मोजणीचा प्रवास असाच झाला आहे.

खाण्याची चिकाटीने ठेवलेली पहिली मोठी नोंद इटलीतल्या पादुआची. तिथले वैद्य सांक्टोरिअस यांनी तराजूला खुर्ची टांगली आणि सुमारे ३० वर्षं स्वतःचं वजन, पोटात गेलेलं अन्नपाणी आणि शरीरातून बाहेर पडलेलं सगळं तोलून लिहिलं. १६१४ साली त्यांनी ते निष्कर्ष छापले. खाल्लेल्या-प्यालेल्यातला निम्म्याहून जास्त भाग डोळ्यांना न दिसता शरीरातून निघून जातो, असं त्यांना आढळलं. हा भाग जातो कुठे, याचं उत्तर मिळायला पुढची पावणेदोनशे वर्षं लागली. पॅरिसमध्ये रसायनशास्त्रज्ञ लावाझिए यांनी श्वास म्हणजे एक प्रकारचं मंद ज्वलनच, हे दाखवलं. अन्न शरीरात जळतं आणि त्याची उष्णता मोजता येते, हे एकदा कळल्यावर पुढची वाट मोकळी झाली.

आज आपण जे आकडे वापरतो ते मात्र अमेरिकेतल्या विल्बर अ‍ॅटवॉटर यांचे. कनेक्टिकटमध्ये त्यांनी एका खोलीएवढं यंत्र उभारलं. माणूस त्यात काही दिवस राहायचा, तिथेच जेवायचा, झोपायचा, व्यायाम करायचा. आत गेलेला प्रत्येक घास आणि त्याच्या शरीरातून निघालेली उष्णता, दोन्ही मोजली जायची. प्रथिनांच्या एका ग्रॅमला ४ कॅलरी, पिष्टमय पदार्थांच्या एका ग्रॅमला ४ आणि स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅमला ९, हा पाकिटामागे छापला जाणारा हिशेब त्यांच्याच कामातून आला. त्यांनी तो मांडला तो कामगाराच्या घरात थोड्या पैशात पोटभर अन्न कसं येईल, यासाठी. १८९६ साली त्यांचे अन्नघटकांचे तक्ते निघाले आणि त्याच सुमारास आपल्या दख्खनवर १८९६-९७ चा दुष्काळ होता. त्या काळात वजन कमी करण्यासाठी खाणं मोजा असं कुणी इथे सांगितलं असतं, तर लोकांना ते कळलंच नसतं.

भारतातली मोजणीही कमतरतेतूनच सुरू झाली. निलगिरीत कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत आहारावर संशोधन केलं. त्यांचा एक प्रयोग मराठी माणसाने आवर्जून लक्षात ठेवावा असा आहे. उंदरांचे गट करून त्यांना हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या लोकांचा आहार दिला: शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली, मद्रासी. वाढीत शिखांच्या आहारावरचे उंदीर पहिले आले, पठाणांचे दुसरे आणि मराठ्यांचे तिसरे. भरड धान्य, डाळ, भाजी आणि दूधदुभतं असलेलं जेवण नुसत्या भातापेक्षा सरस ठरलं. तिथेच पुढे वॉलेस आयक्रॉइड यांनी १९३७ साली भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचे तक्ते काढले. ती प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादला गेली. आजची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच. १९७२ पासून तिच्या राष्ट्रीय पोषण देखरेख यंत्रणेचे लोक मापाच्या वाट्या-पळ्यांचा संच घेऊन घरोघरी जात आणि 'काल दिवसभरात काय काय खाल्लंत' असं विचारत. महाराष्ट्रही त्या पाहणीत होता. तेव्हाही शोध चालला होता तो कुणाला कमी पडतंय याचाच.

प्रश्न उलटला तो अमेरिकेत. १९१८ साली लुलू हंट पीटर्स या डॉक्टर बाईंनी सर्वसामान्य बायकांसाठी पुस्तक लिहून सांगितलं की 'पावाचा एक तुकडा' म्हणणं विसरा, 'शंभर कॅलरीचा पाव' असं म्हणायला शिका. ते पुस्तक तुफान खपलं. कामगाराचं पोट भरावं म्हणून काढलेला आकडा तिथून कंबर बारीक करायच्या कामाला लागला.

आमच्या घरात हा बदल एका पिढीतच झाला. माझे वडील, आबा, तरुणपणी तालमीत जायचे. पुढे मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर दिवाणजी झाले. जोर-बैठका सुटल्या, खुराक मात्र राहिला. सकाळी कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं दूध, सौद्यांच्या वेळी चाखायला तोडलेल्या गुळाच्या रव्याचा, म्हणजे ढेपेचा, खडा, रविवारी तांबडा-पांढरा. शरीराने हजार बैठकांचा हिशेब सोडला आणि पोटाने सोडला नाही. साठीत साखर निघाली तेव्हा ते डॉक्टरांना म्हणाले, "पण मी साखर खातच नाही, गूळ खातो." आमच्या गावातला हा सगळ्यात घट्ट गैरसमज आहे. कॅलरीच्या हिशेबात गूळ आणि साखर यांच्यात फारच थोडा फरक आहे आणि रक्तातली साखर दोन्हींनी वाढते.

"मी तर काहीच खात नाही," हेही ते मनापासून म्हणायचे. खोटं नव्हतं ते. १९९२ साली अमेरिकेत वजन उतरत नाही अशी तक्रार असलेल्या लोकांचं खाणं शास्त्रज्ञांनी तपासलं, तेव्हा प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी खाल्ल्याचं ते सांगत होते, आणि हालचाल ५१ टक्के जास्त. आठवण अशीच असते. दुसरीकडे २००८ साली सुमारे १,७०० जणांच्या अभ्यासात रोज खाल्लेलं लिहून ठेवणाऱ्यांचं वजन न लिहिणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट घटलं. या आकड्यांनी मला पटवलं. लिहिताना हात थांबतो आणि तेवढ्या वेळात दुसरी वाटी घ्यायची की नाही हे ठरतं.

काटकुळ्या माणसांनीही हे वाचून सोडून देऊ नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा २००४ साली प्रसिद्ध झालेला फोटो बघा. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणूनच आपल्याकडे हा इंडेक्स २३ च्या पुढे गेला की जपायला सांगतात, युरोपातली २५ ची रेघ आपल्याला लागू नाही.

अडचण येते ती ताटाशी. अ‍ॅपमध्ये 'मटण करी, एक कप' असं असतं. आमच्या घरातल्या तीन वाट्या मी पाण्याने भरून मोजल्या: एकीत १२० मिलिलिटर मावलं, दुसरीत १५०, तिसरीत २००. एकाच घरात 'एक वाटी' म्हणजे तीन निरनिराळी मापं! पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध किती, काजू-खसखस किती, हे करणाऱ्या बाईच्या हातावर. तांबड्यावरची तर्री कुणी बाजूला सारून घेतं, कुणी मुद्दाम वर ओतून. तेलाचा एक मोठा चमचा म्हणजे सुमारे १२५ कॅलरी, आणि तर्रीचे चमचे कुणी मोजत नाही. रस्सा पुन्हा पुन्हा वाढायची रीत असल्याने मोजायचा राहतो तोही तोच. अशा जेवणाला अचूक आकडा लावायच्या मागे लागणं व्यर्थ आहे. घरातली एक वाटी ठरवावी आणि रोज त्याच वाटीने मोजावं. इन्शुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून करावं, आणि खाण्याची धास्ती बसलेल्या माणसाच्या मागे तर ही वही लावूच नये.

आबांनी अ‍ॅप घेतलं नाही. त्यांनी अडतीवरच्यासारखी लाल कापडी बांधणीची कीर्द, म्हणजे रोजच्या हिशेबाची वही, आणली. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. जमेला खाल्लेलं, नावेला रंकाळा तलावाभोवती चाललेलं. 'ज्वारीची भाकरी १॥, मेथी, ताक १ वाटी.' चालणं फेऱ्यांत लिहिलेलं. ती वही आता माझ्याकडे आहे. एका रविवारच्या पानावर 'पां. रस्सा ३ वाट्या' असं लिहून ३ वर काट मारलेली आहे. आई पलीकडून म्हणाली होती, "अहो, पाच झाल्या की." पुढे त्यांच्याच अक्षरात ५ लिहिलेलं आहे, आणि उजव्या बाजूला त्या दिवशी एक फेरी जादा आहे.