कोयता (ऊसतोडणी)

ऊसतोडणीच्या हंगामासाठी नवरा-बायकोची जोडी मिळून एक मजूर धरण्याची महाराष्ट्रातील रीत. जोडी म्हणजे एक कोयता. एकटा गडी किंवा एकटी बाई म्हणजे अर्धा. दसरा-दिवाळीनंतर बीड व आसपासच्या दुष्काळी भागांतून टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, त्या गाळप आटोपल्यावरच परततात.

हंगामाआधी मुकादम, म्हणजे कारखान्याला मजूर पुरवणारा ठेकेदार, उचल (आगाऊ रक्कम) देतो. बोलणी सहसा नवऱ्याशी होतात, पैसेही त्याच्याच हातात पडतात. ती उचल टनावरच्या मजुरीतून दोघांनी फेडायची. बाईचा दिवस मात्र टोळी जागी होण्याआधी कोपीपुढच्या (पाचटाच्या झोपडीपुढच्या) चुलीशी सुरू होतो. भाकरी थापून ती फडात जाते, ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. गाडी रात्री आली तर रात्री. परतल्यावर पाणी, सरपण, लेकरे आहेतच. वजनकाट्यावर भरलेल्या टनांत तिचा वाटा किती, हे वेगळे लिहिले जात नाही.

हे शोषण डोळ्यांवर येत नाही, कारण जबाबदारी दर पायरीवर पुढे ढकलली जाते. कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, व्यवहार नवऱ्याशी. नवरा म्हणतो, संसार दोघांचा. कुणालाच आपण तिचे मालक वाटत नाही, आणि म्हणून तिच्या दुखण्याचा खर्च तिच्यावरच येतो. पाळीत किंवा आजारपणात घरी थांबले तर खाडा धरून पैसे कापतात. फडावर संडास नाही, धुवायला पुरेसे पाणी नाही. अंगावर काढलेले ओटीपोटाचे दुखणे अखेर ‘पिशवी काढून टाका’ या सल्ल्यापाशी पोचते. कागदावर तिची संमती असते, त्यामुळे एकेक शस्त्रक्रिया तिची खासगी बाब ठरते. त्या एकत्र मोजल्या तेव्हाच चित्र दिसले: २०१९ मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. साधारण सहांत एक! त्या बायका हे कितीतरी आधीपासून एकमेकींना सांगत होत्या. विचारायला कुणी गेले नव्हते.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. तीही टनावर, कोयत्याच्या खात्यात.