खेळातल्या दुखापतींसाठी स्टेरॉईडचं इंजेक्शन

दुखऱ्या सांध्यात, टेंडनच्या (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीच्या) आवरणात, सांध्याशेजारच्या बर्सा नावाच्या छोट्या पिशवीत नाहीतर टाचेखालच्या जाड पट्ट्यापाशी सुईने थेट सोडलेलं सूज उतरवणारं औषध म्हणजे स्टेरॉईडचं इंजेक्शन. ग्राऊंडवर याला नुसतं 'सुई' म्हणतात, थोडे जुने लोक 'कॉर्टिसोन' म्हणतात. क्रिकेट, बॅडमिंटन, कबड्डी, कुस्ती, मॅरेथॉन, कुठलाही खेळ घ्या, खांदा, कोपर, गुडघा किंवा टाच महिनोन्‌महिने दुखत राहिली की कधी ना कधी याचा विषय निघतोच. या औषधाने दुखणं कमी होतं हे खरं आहे आणि कधीकधी फार पटकन होतं, पण दुखणं कमी होणं आणि दुखापत भरून येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि खेळाडूंचं बरंचसं नुकसान हा फरक कोणी नीट समजावून न सांगितल्यामुळे होतं.

आधी नावाचा घोळ. स्टेरॉईड म्हटलं की घरचे घाबरतात, कारण डोळ्यासमोर जिममधले फुगलेले दंड आणि १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये पकडला गेलेला कॅनडाचा धावपटू बेन जॉन्सन येतो. ते अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉईड, टेस्टोस्टेरॉनच्या घराण्यातलं, स्नायू वाढवणारं. सांध्यात देतात ते कॉर्टिकोस्टेरॉईड, त्याचा दंड फुगवण्याशी काही संबंध नाही. आपल्या मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रोज कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन बनवतात, हे औषध त्याचंच कारखान्यात तयार केलेलं, जास्त ताकदीचं भावंड. पेशीत शिरून ते सूज पेटवणाऱ्या रसायनांचं उत्पादनच बंद पाडतं, त्यात प्रोस्टाग्लँडिन येतात ज्यांच्यामुळे ठणका लागतो. साध्या पेनकिलर गोळ्या याच साखळीत एक पायरी खाली काम करतात, स्टेरॉईड वरूनच नळ बंद करतं, म्हणून त्याचा परिणाम इतका जोरकस वाटतो. पण त्याच वेळी ते टेंडनमधल्या पेशींना नवीन कोलॅजन, म्हणजे टेंडन ज्या प्रथिनाच्या धाग्यांचं बनतं ते, विणण्यापासूनही रोखतं, म्हणजे सूज विझवणारं आणि दुरुस्ती अडवणारं औषध एकच. पुढची सगळी भानगड इथून सुरू होते.

या औषधाचा इतिहास खेळाच्या मैदानावर नाही तर संधिवाताच्या वॉर्डात सुरू झाला. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका तरुण बाईला 'कंपाऊंड ई' म्हणजे कॉर्टिसोन दिलं आणि काही दिवसांतच ती चालायला लागली. १९५० चं वैद्यकाचं नोबेल हेंच, एडवर्ड केंडल आणि टाडेउश राइकस्टाइन या तिघांना मिळालं. पण पोटातून किंवा दंडात रोज दिलेल्या कॉर्टिसोनचे दुष्परिणाम लवकरच दिसायला लागले, चेहरा सुजणं, हाडं ठिसूळ होणं, साखर वाढणं, मग साहजिकच विचार आला की जिथे दुखतंय तिथेच थेंबभर का देऊ नये. १९५१ मध्ये फिलाडेल्फियाचे डॉ. जोसेफ हॉलंडर यांनी हायड्रोकॉर्टिसोन थेट सांध्यात देण्याचा अनुभव प्रसिद्ध केला आणि तिथून ही पद्धत जगभर पसरली.

आज भारतात जास्त करून ट्रायअ‍ॅमसिनोलोन, जे केनाकॉर्ट नावाने मिळतं, आणि मिथाइलप्रेडनिसोलोन, म्हणजे डेपो-मेड्रॉल, ही दोन वापरतात. दोन्ही पाण्यात धड विरघळत नाहीत, म्हणून तर कामाची. बाटली टेबलावर नुसती ठेवली की पांढरा गाळ तळाशी बसतो आणि वर स्वच्छ पाणी दिसतं, डॉक्टर किंवा सिस्टर ती हलवतात तेव्हा सगळं दुधासारखं होतं. हे बारीक स्फटिक सांध्यात जाऊन बसतात आणि हळूहळू विरघळत राहतात, त्यामुळे एका सुईचा परिणाम काही आठवडे टिकतो. गुडघ्याला किंवा खांद्याला साधारण ४० मिलिग्रॅम, बोटासारख्या लहान जागी १० च्या आसपास. बरोबर बहुतेक वेळा लिग्नोकेन ही भूल मिसळतात, म्हणून टेबलावरून उतरताना हात एकदम मोकळा वाटतो आणि लोक म्हणतात वा, काय जादू आहे. ती जादू भुलेची असते, दोनचार तासांत उतरते. त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी ठणका उलट वाढूही शकतो, कारण स्फटिकच आत टोचतात, तो दोन-तीन दिवसांत बसतो, तोवर बर्फाने शेकायचं. स्टेरॉईडचा खरा गुण यायला दोन दिवसांपासून आठवडाभर लागतो.

देण्याची पद्धत बघायला साधी. जागा पेनाने खुणावतात, बेटाडिन नाहीतर स्पिरिटने दोनतीनदा पुसतात आणि सुई आत जाते. गुडघ्यात पाणी झालं असेल तर आधी ते ओढून घेतात, पिवळसर स्वच्छ निघालं तर ठीक, गढूळ निघालं तर स्टेरॉईड द्यायचंच नाही, तपासणीला पाठवायचं, कारण आत इन्फेक्शन असताना स्टेरॉईड म्हणजे आगीत तेल. औषध ढकलताना दट्ट्या घट्ट लागला तर चांगले डॉक्टर तिथेच थांबतात आणि सुई थोडी मागे घेतात, कारण घट्ट लागणं म्हणजे टोक टेंडनच्या आत रुतलंय, औषध टेंडनच्या बाजूला जायला हवं, टेंडनमध्ये नाही. आता बऱ्याच ठिकाणी सोनोग्राफीवर बघत सुई घालतात, खोल जागी त्याचा खरंच फायदा होतो.

कुठे उपयोग होतो? जिथे दुखण्याच्या मुळाशी खरोखर सूज आहे तिथे. खांद्यातली बर्सा सुजून हात वर करताना कळ येते, फ्रोझन शोल्डरच्या, म्हणजे खांदा आखडून जखडतो त्या दुखण्याच्या, सुरुवातीच्या दिवसांत रात्रभर झोप लागत नाही, अंगठ्याच्या मुळाशी मनगट दुखतं ज्याला डी क्वेरव्हेन म्हणतात, बोट वाकवलं की अडकतं आणि टकदिशी सुटतं ते ट्रिगर फिंगर, या सगळ्यांत एखाददुसऱ्या सुईने पुष्कळ लोकांना चांगला आराम पडतो, ट्रिगर फिंगरमध्ये तर अनेकांचं ऑपरेशन टळतं. रनर लोकांच्या टाचदुखीत, म्हणजे सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टेकवताना जी कळ मस्तकात जाते त्यात, महिनाभर बरं वाटतं पण पुढे फारसा फरक उरत नाही, आणि वारंवार दिलं तर टाचेखालची चरबीची नैसर्गिक गादी विरते किंवा तो पट्टाच फाटतो. जानेवारीत मुंबई मॅरेथॉन आहे म्हणून डिसेंबरात टाचेत सुई मागणाऱ्यांनी एवढं माहीत करून घ्यावं.

टेनिस एल्बोबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. २००४ मध्ये सचिन तेंडुलकरच्या कोपराला हे झालं तेव्हा हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला, पुढच्या वर्षी लंडनला त्याचं ऑपरेशन झालं. कोपराच्या बाहेरच्या हाडाला चिकटलेलं टेंडन दुखतं, पाण्याची बाटली उचलता येत नाही, कपडे पिळता येत नाहीत. नावावरून वाटतं सूज असेल, पण जुन्या दुखण्यात सूज जवळपास नसतेच, टेंडनचे धागे विस्कटलेले आणि झिजलेले असतात. मग सूज विझवणारं औषध तिथे काय करणार? ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनमध्ये यावर दोन चांगले अभ्यास झाले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्यात १९८ लोकांचे तीन गट केले, एकाला सुई, एकाला फिजिओथेरपी, एकाला नुसतं थांबून बघा. सहा आठवड्यांनी सुईवाले सगळ्यात पुढे होते, पण त्यातल्या बरं वाटलेल्या ६५ पैकी ४७ जणांचं दुखणं नंतर परत उलटलं. दुसरा २०१३ चा, १६५ लोकांचा, त्यात वर्षानंतर खोटं इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ९६ टक्के बरे किंवा पुष्कळ सुधारलेले होते आणि स्टेरॉईड घेतलेल्यांपैकी ८३ टक्के, आणि दुखणं परत आलेले अनुक्रमे १२ आणि ५४ टक्के. म्हणजे खरं औषध न घेतलेला माणूस वर्षाच्या शेवटी जास्त चांगल्या स्थितीत होता. मला स्वतःला उजव्या कोपरात सुई दिली होती तेव्हा चौथ्या दिवशी कळ गेली आणि मी पुढच्या रविवारी नेट्सला गेलो, कारण जाऊ नकोस असं मला कोणीच सांगितलं नव्हतं, तीन महिन्यांनी चहाचा कप उचलताना हात थरथरायला लागला आणि मग फिजिओकडे रबर बँड आणि डंबेलच्या व्यायामाला जवळपास सात महिने गेले. सुई चुकली नव्हती, सुईनंतरचे ते आठवडे वाया घालवले होते. या औषधाचा खेळाडूला खरा उपयोग तेवढाच आहे, दुखणं दबलेल्या काळात फिजिओने सांगितलेला व्यायाम नीट करता येतो, एरवी दुखण्यापायी तो होतच नाही.

टाचेच्या मागचं अकिलीस आणि गुडघ्याच्या वाटीखालचं टेंडन, या दोन ठिकाणी बहुतेक स्पोर्ट्स डॉक्टर सुई द्यायचं टाळतात. या टेंडनवर उडी मारताना शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट ताण येतो, कबड्डीतला रेडर मागे उसळी घेतो किंवा व्हॉलीबॉलवाला स्मॅशसाठी उडतो तेव्हा सगळा भार तिथेच, आणि स्टेरॉईडने ते कमकुवत झालं तर फाटू शकतं. अकिलीस फाटतं तेव्हा मागून कोणीतरी लाथ मारल्यासारखं वाटतं, खेळाडू वळून बघतो तर मागे कोणी नसतं. दुखणं हा इशारा असतो, तो बंद करून पूर्ण जोराने खेळायला उतरणं ही इथे सगळ्यात मोठी जोखीम.

गुडघ्याच्या आत दिलं तर? झीज होऊन सुजलेल्या गुडघ्याला काही आठवडे आराम पडतो हे नक्की. पण २०१७ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी १४० रुग्णांवरचा अभ्यास छापला, निम्म्यांना दर तीन महिन्यांनी ४० मिलिग्रॅम ट्रायअ‍ॅमसिनोलोन आणि निम्म्यांना मिठाचं पाणी, असं दोन वर्षं दिलं. स्टेरॉईडवाल्यांची कूर्चा, म्हणजे ज्याला आपण गादी म्हणतो ती, जास्त पातळ झाली आणि दोन वर्षांनी दुखण्यात दोन्ही गटांत सांगण्यासारखा फरक नव्हता. म्हणून एकाच सांध्यात वर्षातून तीन-चारपेक्षा जास्त वेळा द्यायचं नाही आणि दोन सुयांत निदान तीन महिने ठेवायचे असा रिवाज आहे, तरुण खेळाडूच्या बाबतीत तर त्याहूनही हात आखडता. गुडघा बदलण्याचं ऑपरेशन ठरलं असेल तर आधीचे तीन महिने सुई नको, इन्फेक्शनचा धोका वाढतो.

बाकीच्या दुष्परिणामांत मधुमेहाचा मुद्दा पहिला सांगायला हवा, कारण आपल्याकडे घराघरात साखर आहे आणि फ्रोझन शोल्डरही मधुमेह्यांनाच जास्त होतो. सुई सांध्यात दिली तरी थोडं औषध रक्तात जातंच आणि काही दिवस, कधी आठवडाभर, साखर चांगलीच वर जाते, तेव्हा घरी ग्लुकोमीटरवर रोज बघायचं आणि डॉक्टरांना आधीच सांगायचं. एकदोन दिवस चेहरा लाल आणि गरम होणं, बायकांची पाळी मागेपुढे होणं हेही होतं आणि आपोआप थांबतं. औषध कातडीच्या अगदी खाली राहिलं तर तिथे पांढरट डाग पडतो आणि खळगा होतो, आपल्या सावळ्या रंगावर तो जास्त उठून दिसतो, महिनोन्‌महिने टिकतो, बहुतेकांचा भरून येतो पण सगळ्यांचा नाही. सांध्यात इन्फेक्शन होणं फार दुर्मिळ, हजारोंत एखाद्याला, पण दोन-तीन दिवसांनंतरही ठणका वाढतच असेल, सांधा गरम लागत असेल, ताप येत असेल तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं.

सुयांवर सुया घेऊन खेळण्याचं जुनं आणि प्रसिद्ध उदाहरण बेसबॉलमधलं आहे. लॉस एंजेलिस डॉजर्सचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, सँडी कूफॅक्स याच्या डाव्या कोपरात संधिवाताची झीज सुरू झालेली होती, तो कॉर्टिसोन आणि गोळ्यांवर खेळत राहिला, १९६६ च्या मोसमात त्याने २७ सामने जिंकले, म्हणजे कारकिर्दीतला सगळ्यात भारी मोसम, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वयाच्या ३० व्या वर्षी त्याने खेळ सोडला कारण हात कायमचा निकामी व्हायची भीती होती. उलट २०२२ च्या फ्रेंच ओपनमध्ये राफेल नदालने पायात घेतलेली इंजेक्शनं स्टेरॉईडची नव्हे तर नस बधिर करणाऱ्या भुलेची होती, तेव्हा पेपरात 'इंजेक्शन घेऊन खेळला' वाचलं की दोन्ही एकच समजू नयेत.

स्पर्धा खेळणाऱ्यांसाठी डोपिंगचा नियम वेगळा बघावा लागतो. पूर्वी सांध्यातल्या सुईला परवानगी होती, पण १ जानेवारी २०२२ पासून जागतिक उत्तेजकविरोधी संस्था वाडाने स्पर्धेच्या काळात कॉर्टिकोस्टेरॉईडची सगळी इंजेक्शनं बंद केली, त्यात सांध्यातली आणि टेंडनजवळचीही आली. स्पर्धेचा काळ साधारणपणे आदल्या रात्री ११.५९ ला सुरू होतो. औषध शरीरातून जायला वेळ लागतो म्हणून वाडाने मुदती दिल्यात, सांध्यात किंवा आसपास दिलेल्या बहुतेक औषधांना ३ दिवस, पण ट्रायअ‍ॅमसिनोलोनला १० दिवस, आणि तेच ट्रायअ‍ॅमसिनोलोन कमरेत किंवा दंडात स्नायूत दिलं तर तब्बल ६० दिवस. आपल्याकडे सर्रास वापरलं जाणारं औषध नेमकं तेच आहे. त्यामुळे कागदावर औषधाचं पूर्ण नाव, डोस, कुठे दिलं आणि कोणत्या तारखेला हे डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं, 'सांध्यात इंजेक्शन दिलं' एवढं पुरत नाही. मुदतीच्या आत स्पर्धा येत असेल आणि दुसरा इलाज नसेल तर उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज करता येतो, तो राष्ट्रीय पातळीवर नाडाकडे, म्हणजे आपल्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडे, जातो, आणि त्याला हेच सगळे कागद जोडावे लागतात.