नौपाड्यातला भाडेकरू आणि घोडबंदरचा लायसन्सी

घोडबंदर रोडला टॉवरमधे अकरा महिन्यांच्या अ‍ॅग्रीमेंटवर राहणारा आणि नौपाड्यातल्या जुन्या चाळीत आजोबांपासून पागडीवर (म्हणजे सुरुवातीला एकरकमी मोठी रक्कम देऊन घेतलेल्या भाड्याच्या जागेत) राहणारा, दोघांनाही आपण भाडेकरूच म्हणतो, दोघंही दर महिन्याला पैसे देतात, पण कायद्याच्या हिशोबात चाळीतला टेनंट आणि टॉवरमधला नुसता लायसन्सी.

टेनंटचा जागेवर हक्क असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ त्याच्या बाजूने उभा असतो, म्हणजे मालकाला वाटलं म्हणून काढता येत नाही, कलम १६ मधलं कारण कोर्टात सिद्ध करावं लागतं, भाडं वर्षाला ४ टक्क्यांनीच वाढतं (दुरुस्ती वगैरेची वाढ वेगळी), आणि तो वारला तर सोबत राहणाऱ्या घरच्या माणसाला टेनन्सी मिळू शकते. लायसन्सीला यातलं काहीच नाही. राहायची परवानगी, बस. मुदत संपली तरी बसून राहिला तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा अर्जांसाठी सरकारने नेमलेला अधिकारी) अर्ज जातो आणि जेवढे दिवस बसला तेवढ्याचं दुप्पट भाडं भरावं लागतं.

मालक लोक लायसन्सचाच आग्रह का धरतात? १९७३ मधे सरकारने जुन्या मुंबई भाडे कायद्यात बदल केला आणि १ फेब्रुवारी १९७३ ला चालू लायसन्सवर राहणाऱ्यांना थेट टेनंट करून टाकलं, ती धास्ती माझ्या मते अजून गेलेली नाही.

आता कोणी म्हणेल, वर लायसन्स लिहिलं म्हणून काय झालं, जागा तर पूर्ण माझ्याच ताब्यात होती ना! इंग्लंडमधे हा मुद्दा चालला. स्ट्रीट विरुद्ध माउंटफर्ड, १९८५, आठवड्याला ३७ पौंडांच्या दोन खोल्या, कागदावर लायसन्स, आणि हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं की ही टेनन्सीच. आपल्या सुप्रीम कोर्टानेही १९५९ मधे असोसिएटेड हॉटेल्सच्या केसमधे नावापेक्षा व्यवहार बघा असंच म्हटलंय, आणि तीही टेनन्सीच ठरली. पण महाराष्ट्रात इथे गाडी अडते, कारण कलम २४ च्या स्पष्टीकरणात लेखी लायसन्स करारात जे लिहिलंय तोच निर्णायक पुरावा धरायचा असं आहे, म्हणजे सक्षम प्राधिकाऱ्यासमोर "तसं नव्हतं हो" म्हणायला जवळपास जागाच राहत नाही. त्यामुळे एजंट करार रजिस्टर करायला घरी मशीन घेऊन आला की अंगठा लावायच्या आधी अख्खं वाचा, खासकरून मुदत, डिपॉझिट आणि नोटीसचा कालावधी.

आणि ते अकरा महिन्यांचं काय? अकरा महिन्यांचं असेल तर रजिस्टर नको, नोटरी चालते, हे ठाण्यात अजून सर्रास सांगतात. इथे चालत नाही. कलम ५५ प्रमाणे टेनन्सी असो की लायसन्स, लेखी आणि रजिस्टर्डच पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची, नाहीतर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वर करार रजिस्टर नसताना अटींवरून भांडण झालं तर उलटं सिद्ध होईपर्यंत राहणारा सांगेल तेच खरं. पोलिस स्टेशनला माहिती दिली की झालं असंही काही जण समजतात, ती गोष्ट वेगळी, त्याने करार रजिस्टर होत नाही.

वाशी-नेरूळवाल्यांसाठी एक. सिडकोने जमीन भाडेपट्ट्याने दिलीय, म्हणजे तुमचा घरमालक ज्या जमिनीवर मालकी सांगतो तिथे त्याची सोसायटी बहुतेक ठिकाणी स्वतःच पट्टेदार असते. तरी तुम्ही त्याचे लायसन्सीच.