लक्ष वळवणं वेगळं, फसवणं वेगळं

माझ्या मुलाला थॅलेसेमिया मेजर हा रक्ताचा जन्मजात आजार आहे. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. म्हणजे वर्षाला सतरा-अठरा वेळा सुई, आणि क्रॉसमॅचसाठी, म्हणजे दात्याचं रक्त जुळतं का ते तपासायला, आधी रक्त काढतात ते धरलंच नाही.

तो चार वर्षांचा असताना एकदा "चल, तलावपाळीला बोटीत बसू" म्हणून मी त्याला ठाण्याच्या नौपाड्यातून रिक्षात घातलं. रिक्षा थांबली हॉस्पिटलच्या गेटपाशी. त्याने फक्त माझ्याकडे पाहिलं, रडला नाही. रडला तो पुढच्या खेपेला, तेही घरीच. चपला घालायला तयार होईना. मग एका रविवारी आम्ही खरंच तलावपाळीला निघालो, तर तेव्हाही तेच.

"मी फक्त त्याचं लक्ष दुसरीकडे वळवते हो," असं मी समुपदेशक बाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, "सुई आहे हे त्याला ठाऊक असतं का?" तिथेच माझी बोलती बंद झाली.

दोन्ही गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. मोबाइलवर कार्टून चालू आहे, सिस्टर दुसऱ्या हाताला स्पिरिट लावतायत. पण मुलाला आधी सांगून, त्याने स्वतः निवडलेलं कार्टून लावलं असेल, तर ते लक्ष वळवणं. कार्टूनमध्ये रमल्यावर गुपचूप हात धरून टोचलं, तर ती फसवणूक. त्या दिवशी काम पटकन होतं, खोटं कशाला बोलू? पण नंतर मोबाइल पुढे केला की मूल आधी दाराकडे बघतं, आणि धरायला दोघांच्या जागी चौघं लागतात.

सांगण्यातही फसवायच्या जागा असतात. आपल्याकडची लाडकी म्हणजे "मुंगी चावल्यासारखं होईल". आमचे चिरंजीव सिस्टरना म्हणाले होते, "एवढी मोठी मुंगी नसते." दुसरी म्हणजे "एकदाच टोचतील". वारंवार सुया टोचून घेतलेल्या हातात शीर पहिल्या फटक्यात मिळेलच असं नाही, त्यामुळे हे वचन आपल्या हातातलं नाही. आता मी सांगते, "टोचेल, दुखेल. शीर नाही मिळाली तर परत बघतील. मी इथेच आहे." "काही नाही होत, काही नाही होत" हा जपही मी सोडला, कारण त्याने मूल उलट जास्त बिचकतं.

खरं सांगून झाल्यावर लक्ष वळवायचे उपाय मनापासून करावेत; त्यांनी दुखणं आणि भीती कमी होते. लहानांना साबणाचे फुगे उत्तम. फुंकर लांब घालावी लागते, मग श्वास आपोआप संथ होतो. आडवं दाबून धरण्यापेक्षा मांडीवर बसवून कवेत घेतलेलं बरं. बधिर करणारं क्रीम मिळतं, ते साधारण तासभर आधी लावावं लागतं. डॉक्टरांना विचारा, आपणहून सुचवतीलच असं नाही. उजवा हात की डावा, हे शक्य असेल तेव्हा मुलाला ठरवू द्यावं. टोचायचं की नाही, हे मात्र विचारू नये. त्याचा नकार आपण ऐकणार नसू, तर ते विचारणंही फसवणंच झालं.

कधी सांगायचं? तीन-चार वर्षांच्या मुलाला थोडा वेळ आधी पुरतं, मोठ्यांना आदल्या दिवशी. काहींना तपशील नको असतो. माझा मुलगा म्हणायचा, "आज आहे का तेवढं सांग, कधी ते नको." अशा वेळी गप्प राहणं म्हणजे लपवणं नव्हे, ते त्यानेच मागितलेलं असतं.

आता "नीट जेव, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील" म्हणणाऱ्या आज्या-आत्या. त्यांच्याशी मी भांडले आहे, आणि भांडणार आहे.

ही भीती आईबापांच्या अंगातही मुरते. आमचे हे अजून कॉरिडॉरमध्येच उभे राहतात. रात्री डोळा लागेना तेव्हा मी 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या नंबरवर फोन केला होता. तो फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

मुलगा आता अकरा वर्षांचा आहे. स्वतःच बाही वर करतो, छताकडे बघतो आणि सतराचा पाढा म्हणतो. तलावपाळीला मात्र अजून आजोबांबरोबरच जातो.